पेवाचा टंच

सांगली बघायला बाहेरून माणसं येतात, यावर सांगलीच्या माणसांचा विश्वास नाही. मी गिऱ्हाईक घेऊन गणपतीच्या देवळासमोर उभी असले की हारवाली विचारते, "पाव्हणं व्हय, ताई?"

"नाही गं, पर्यटक."

मग ती त्या बिचाऱ्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळते आणि माझ्या कानाशी येऊन म्हणते, "मग हिकडं कशाला आल्यात?"

संशय इथल्या पाण्यातच आहे. मी तर त्यावर पोट भरते.

साताऱ्याच्या गाईडचं बरं असतं. अजिंक्यतारा डोक्यावर उभा आहे. नुसतं बोट वर केलं तरी अर्धं काम होतं. कोल्हापूरला देवीच सगळं बघून घेते. सांगलीत बोट दाखवून भागत नाही, तोंड चालवावं लागतं. आमच्याकडे कृष्णेचा घाट आहे, गणपती आहे, जुना आयर्विन पूल आहे, आणि खंदकासकट एक किल्लाही आहे, ज्याच्या मधोमध उभं राहून लोक "किल्ला कुठाय?" असं विचारतात. मराठीतलं पहिलं नाटक या गावानं बघितलं. तेव्हापासून गावातला प्रत्येक माणूस रंगमंचावर आहे आणि प्रेक्षक तेवढे बाहेरून आणावे लागतात. ते आणायचं काम माझं. मीही हौशी नाटकांतून "बाईसाहेब, बाहेर कुणीतरी आलंय" हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं आहे की पुढे तोच माझा व्यवसाय झाला. बाहेर कुणीतरी येतं आणि मी त्याला गाव दाखवते.

या धंद्यात गिऱ्हाइकाचा संशय घ्यायला शिकावं लागतं. सगळ्याला "वा, वा" म्हणणारा निरुपद्रवी असतो. झोपा काढणारा तर देवमाणूस. पण एकच प्रश्न दोनदा विचारणाऱ्यापासून सावध राहावं. एक गृहस्थ पुण्याहून आले होते. घाटावर विचारलं, "इथपर्यंत पाणी आलं होतं का?" पेठेत विचारलं, "इथपर्यंत पाणी आलं होतं का?" नाट्यगृहासमोरही तेच. मला वाटलं, काय ही इतिहासाची ओढ! मी रंगात आले. पुराच्या दिवसांत सांगलीकर एकमेकांना "कसा आहेस" विचारत नाहीत, "आयर्विनला किती फूट?" विचारतात, हे मी हातवारे करून सांगितलं. संध्याकाळी कळलं की साहेबांना फ्लॅट घ्यायचा होता. बिल्डर "पाणी येत नाही" म्हणाला होता, आणि त्याची खातरजमा करायला त्यांनी मला दिवसभर गावातून फिरवलं होतं. आता कुणी पाण्याचं दोनदा विचारलं की मी सरळ म्हणते, "कितव्या मजल्यावर घेताय?"

दुसरा एक तरुण आमच्या चोर गणपतीसाठी आला होता. चतुर्थीच्या काही दिवस आधी देवळात हा गणपती गाजावाजा न करता, वाजंत्री न लावता, गुपचूप येऊन बसतो, म्हणून तो चोर. या पोराला त्याचा व्हिडिओ करायचा होता. "मॅडम, एक्झॅक्ट टायमिंग काय?" मी म्हटलं, "बाळा, टायमिंग कळलं तर तो चोर कसला?" त्यानं मला दोन तारे दिले. पाचपैकी.

पण संशयाच्या बाबतीत माझी खरी परीक्षा घेतली ती तात्यांनी.

पहिल्यांदा फोन आला. जाड, खरखरीत आवाज. "ताई, सांगली दावता नव्हं तुमी? जमिनीवरचं न्हाई दावलं तरी चालंल. जमिनीखालचं काय आसंल तर दावा."

मी फोन ठेवला आणि बबनला सांगितलं. बबन हा माझा गाडीवाला, मूळचा पलूसचा. त्याला माझ्यापेक्षा दुप्पट संशय येतो, कारण त्याला आरशात मागची सीट दिसते. तो म्हणाला, "ताई, गुप्तधन."

"काहीतरीच काय?"

"न्हाई तर मग जमिनीखाली काय बघायचं आस्तंय? बटाटं?"

ठरल्या दिवशी सकाळी स्टँडजवळच्या लॉजमधून एक जोडपं खाली आलं. दोघंही सत्तरीकडे झुकलेली. तात्या उंच, पांढरा शर्ट, सोनेरी काडीचा चष्मा आणि दोन्ही अंगठे काळे पडलेले. काकू बुटक्या, गुडघ्यांनी अधू. केसात दक्षिणेकडे माळतात तसा भरगच्च गजरा आणि कपाळावर आपलं ठसठशीत कुंकू. त्यांनी मला नमस्कार केला, गाडीत बसल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. बोलल्या काहीच नाहीत.

"आमी मूळचं विट्याकडचं," तात्या म्हणाले. "पन सगळं आयुष्य इरोडला काढलं. तिकडं तमिळ मुलखात. गलाईचं दुकान हाय."

बाहेरच्यांसाठी सांगते: विटा-खानापूर भागातली माणसं देशभर सोनं गाळायची दुकानं टाकून बसली आहेत. सराफाच्या दुकानातला केरसुद्धा ही माणसं विकत घेतात, धुतात, आणि त्यातून सोन्याचा कण काढतात. दागिना आला की त्यात खरं सोनं किती आणि भेसळ किती हे ठरवायचं, त्याला म्हणतात टंच काढणं. आता असा माणूस सांगली बघायला आला म्हणजे काय होणार? त्यानं सांगलीचा टंच काढायला सुरुवात केली.

मी माझं नेहमीचं वाक्य टाकलं. "सहा गल्ल्यांचं गाव, म्हणून सांगली!"

"कुठल्या सहा?"

"म्हणजे... जुन्या काळी होत्या."

"नावं सांगा. मोजून बघू."

"तात्या, दंतकथेला घरपट्टी नसते."

तात्या हसले नाहीत. मागून मात्र अगदी बारीक आवाज आला, खुदकन. मी वळून बघेपर्यंत काकू पुन्हा खिडकीबाहेर बघत होत्या.

देवळात सगळी माणसं मूर्तीकडे बघतात. तात्या फरशीकडे बघत होते. सराफ कट्ट्यावर दुकानांच्या पाट्या वाचायच्या सोडून ते वाकले, गटाराच्या कडेची चिमूटभर माती उचलली, अंगठ्यानं चोळली आणि म्हणाले, "हितं झाडू नीट मारत न्हाईत." बबननं माझ्याकडे असं बघितलं की मला त्याचे डोळे मिटावेसे वाटले.

हळदीच्या दुकानात काकूंना पुडी घ्यायची होती, सुनेसाठी. तात्या म्हणाले, "इरोडास्नं सांगलीला यिऊन हळद घेती बघा ही! आमच्या दाराम्होरं हळदीचं ट्रक उभं आस्त्यात." खरंच आहे, ते गाव हळदीसाठी आमच्याशी बरोबरी सांगतं. काकू काही न बोलता पुडी निवडत राहिल्या. तात्यांनी एकामागून एक पोत्यांत हात घातला, नाकाशी नेला. "ही यंदाची. ही गेल्या सालची. ही लय जुनी, रंग लावून बसवलीया." दुकानदाराचा चेहरा पडला. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, हे कुठल्या खात्याचं साहेब?"

आता माझ्या मनात तीन संशय झाले: खात्याचा साहेब, इरोडचा हेर, आणि बबनचं गुप्तधन. तिन्हींसाठी मी आतून खूश होते, हे कशाला लपवू? रोज रोज तेच "वा, वा" ऐकून माणसाला कंटाळा येतो.

दुपारी घाटावर काकू पायऱ्यांवर सावलीत बसल्या. तात्या मला खुणेनं लांब घेऊन गेले. मागं वळून दोनदा बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "ताई, हितं हळदीची पेवं हुती म्हंत्यात. खरं का?"

पेव म्हटलं की आता लोकांना फक्त 'पेव फुटणं' माहीत असतं. क्लासेसना पेव फुटतं, मॉलना पेव फुटतं. मुळात पेव म्हणजे माल साठवायचं जमिनीतलं कोठार. सांगलीच्या कडेला हरिपूर आहे, कृष्णा-वारणेच्या संगमावर. तिथल्या मातीत अशी काही जादू की आत ओल धरत नाही, कीड लागत नाही. तोंड एक माणूस उतरेल एवढंच, आणि खाली पोट रांजणासारखं सुटलेलं. आतून पाला, गवत, चटया लावायच्या, हळद भरायची, तोंड बंद करून वर माती लिंपायची. वर्षानुवर्षं माल जसाच्या तसा. सांगलीची हळद देशभर गेली ती या जमिनीखालच्या पोटांतून. मग तो मोठा महापूर आला, पाणी पेवांत शिरलं आणि एकामागून एक पेवं बसली. आता हळद गोदामात आणि कोल्ड स्टोरेजात असते.

हे मी सगळं साभिनय सांगितलं. पेवाचं पोट दाखवताना माझे हात इतके पसरले की एक भटजी दचकून बाजूला झाले.

"आत मानूस उभा ऱ्हातो?" तात्यांनी विचारलं.

"चांगला उभा राहतो. चालतोसुद्धा."

"भिंती पिवळ्या आस्त्यात?"

"हळदीनं होत असणारच."

तात्यांनी पुन्हा मागे बघितलं. आवाज आणखी खाली गेला. "आन आत ल्हान पोरगी सोडता यील का? आठ-नऊ वर्सांची?"

माझं हसू तिथल्या तिथं विझलं. जमिनीखालचं बघायचंय, माती उचलून चोळतात, आणि आता लहान मुलगी. गुप्तधनापायी माणसं काय काय करतात ते आपण पेपरात वाचतोच. मी म्हटलं, "दोन मिनिटं हं," आणि गाडीकडे गेले. बबनला सांगितलं. बबन म्हणाला, "पोलिसास्नी एकशे बारा लावू का?"

"थांब. आधी हरिपुरात घेऊन जाऊ. तिथं चार माणसं आपली आहेत."

"आन काकू?"

"काकूच तर कळत नाहीत मला. सबंध दिवसात एक शब्द बोलल्या नाहीत बाई. भ्यालेल्या असतील."

हरिपूरच्या रस्त्याला चिंचेची झाडं आहेत. एका झाडाखाली मी गाडी थांबवायला लावली, काकूंना म्हटलं तुम्ही बसा, आणि तात्यांना खाली उतरवून, कमरेवर हात ठेवून, नाटकात कधी न मिळालेली भूमिका सुरू केली. "तात्या, आता खरं सांगायचं. तुम्ही कोण? आणि लहान मुलगी कशाला हवी तुम्हाला?"

तात्या गोंधळले. मग त्यांनी गाडीकडे बोट केलं. "ती काय, बसलीया की. ल्हान पोरगी."

मला काही कळेना.

"ती हरिपूरची. तिचा बा पेवावर कामाला हुता. आमचं लगीन झालं आन पैल्याच वर्सी तिनं सांगितलं, म्हनं ल्हानपनी मला टोपलीत बसवून जमिनीखाली सोडलं हुतं. खाली पिवळं घर हुतं. बैलगाडी वळंल एवढं." ते थांबले. "आता आमच्याकडं पेव म्हंजे काय? मुरमात कंबरभर खड्डा, चार पोती जोंधळा. आमी सगळं हसलो. माझी आय हसली, भाऊ हसलं, मी बी हसलो. तवापास्नं आमच्या घरात कुनी थाप मारली की म्हंत्यात, 'ए, पेवातलं सांगू नगंस.' पोरं तशीच म्हनाया लागली. आता नातवंडं बी म्हंत्यात, तमिळमधी. त्यास्नी तर पेव म्हंजे काय त्ये बी म्हाईत न्हाई. त्यांच्या लेखी पेव म्हंजे आजीची थाप."

"मग आता काय झालं?"

"ती भांडायची, ताई. दरसाल भांडायची. 'मी उतरले होते, मला ठाऊक आहे.' गेल्या दिवाळीला नातू म्हनला, आजी, पेवातलं सांगू नगं. तर ती म्हनली, 'असेल रे बाबा. स्वप्नच पडलं असेल मला.'" तात्यांनी चष्मा काढला, उगाचच पुसला. "ती भांडायची थांबली, आन माझी झोप ग्येली. आता बोलत बी न्हाई फारसं. गुडघं हे आसलं. परत काय येनं हुतंय सांगलीला? म्हनलं एकदा खरं-खोटं करून टाकावं. पन आधी गुपचूप. नसलंच काय, तर तिला दावायचंच न्हाई. देवळं बघून माघारी जायाचं."

"अहो, पण मोबाईलवर सगळी माहिती आहे पेवांची. फोटोसुद्धा आहेत."

"मोबाईलमधी माझा नातू वाघावर बसलेला दिस्तोय," तात्या म्हणाले. "त्यात टंच कुठाय?"

मी कमरेवरचे हात काढले. माझी इतक्या मेहनतीनं उभी केलेली भूमिका मी पाडली, पण खरं सांगते, आता मला घाम फुटला. गुप्तधन असतं तर बरं झालं असतं. सांगलीतलं सगळं मी दाखवू शकते. नसलेला किल्लादेखील दाखवते. पण पेव कुठून दाखवू? पेवं राहिली कुठं? आणि हा माणूस सहा गल्ल्या मोजून मागणारा.

भूपालआण्णांच्या शेतावर गेलो. हे हरिपूरचे जुने जैन शेतकरी. त्यांच्या वडिलांची पेवं होती, आणि एका व्यापाऱ्याच्या पेवांवरही देखरेख होती. आण्णा बांधावर उभे होते. गाडी बघून त्यांनी फाटक उघडायचं सोडून उलट लावून घेतलं.

"प्लॉट पाडायचं न्हाईत," ते लांबूनच ओरडले.

"आण्णा, मी आहे!"

"तुमी हाय त्ये दिसतंय. ते चष्मेवालं कोन? मोजनीचं?"

मी सगळं सांगितलं. आण्णांचा संशय गेला नाही, पण कुतूहल जास्त भरलं. फाटक उघडलं. आम्हाला ते उसाच्या कडेनं घेऊन गेले आणि एका जागी थांबले. "ह्ये."

मी जे बघितलं ते तसंच सांगते. एक खळगा. परातीसारखा पसरट, त्यात हरळी माजलेली, कडेला एरंडाचं झाड. म्हैस लोळून गेली असती तरी असाच दिसला असता.

"एवढंच?" तात्या म्हणाले.

"पुरात बसलं की ह्ये. वर्सभर वास मारत हुता हळदीचा."

मी लगेच पुढे झाले. इथे तोंड, इथे पोट, इथून दोर... दोन्ही हात हवेत. तात्या माझ्याकडे न बघता खळग्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सराफ कट्ट्यावरच्या मातीपेक्षा वाईट भाव होता.

तेवढ्यात मागून पाचोळा वाजला. काकू गाडीतून उतरून, खांद्याला कापडी पिशवी अडकवून, बबनचा हात धरून आल्या होत्या. त्या खळग्याच्या कडेला थांबल्या. 

आण्णांनी त्यांच्याकडे डोळे बारीक करून बघितलं. "उतरला हुता म्हनं तुमी?"

"असेल," काकू म्हणाल्या. "लहान होते मी."

"आसंल न्हवं. उतरला आसाल तर सांगा. उतरायच्या आधी काय करत हुते?"

काकूंनी खाली बघितलं. बराच वेळ. मला वाटलं संपलं सगळं.

"कंदील," त्या म्हणाल्या. "आधी कंदील सोडायचे खाली. विझला तर कुणी उतरायचं नाही. हवा वाईट असायची आत."

"ह्ये कुनी बी सांगंल. माझी नात सांगंल. मंग?"

"मग मला टोपलीत बसवलं. बाबांनी दोर धरला. आणि म्हणाले..." त्या थांबल्या. त्यांचा आवाज बदलला, वर चढला. "म्हणाले, इंदू, खाली गेलीस की बोलत राहायचं. काहीपण बोल. गाणं म्हण, पाढे म्हण, पण गप बसू नकोस. आणि मी बोलत होते, आणि बाबा वरून म्हणत होते, 'हं, बोल. हं, बोल.' पाढे संपले म्हणून मी परत बेएकेपासून सुरू केलं!"

आण्णांनी डोक्यावरची टोपी काढली. "बरूबर हाय," ते म्हणाले, आणि आमच्याकडे वळले. "खाली मानूस दिसायचा न्हाई. आवाजच काय तो वर यायचा. दोरवाल्यानं 'हं, बोल गड्या' म्हनत ऱ्हायचं आन खालच्यानं बोलत ऱ्हायचं. खालचा गप झाला की इच्यारायचं न्हाई, बघायचं न्हाई. पैला वर वढायचा."

मी तात्यांकडे बघितलं. ते काकूंकडे बघत होते. 'गप झाला की वर ओढायचा' हे वाक्य त्यांना कुठे लागलं ते मला दिसलं, आणि मी, जिला गप्प बसण्याचे पैसे कधीच कुणी दिले नाहीत, गप्प बसले.

पण माणूस गलाईवाला. त्यांनी घसा साफ केला. "तोंडी झालं ह्ये," ते म्हणाले. "टंच काढाया पायजे. एक ताट मिळंल का, आण्णा? आन पानी."

आण्णा खोपटाकडे ताट आणायला गेले. बबन बोअरवर बादली भरायला. तात्या कोट काढावा तशा गंभीरपणे शर्टाच्या बाह्या मुडपू लागले. काकू मात्र गुडघे सावरत, एरंडाच्या बुंध्याला धरून, खळग्यात उतरल्या आणि आमच्याकडे पाठ करून बसल्या. हरळी उपटली, हातानं माती उकरली.

"मीच देते माती," त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे कुठली."

ताट आलं. काकूंनी मूठ उघडून माती त्यात टाकली. तात्यांनी पाणी घातलं आणि ताट हलवायला सुरुवात केली. सराफाची माती धुतात तसं: हळू, गोल, कडेनं गढूळ पाणी सोडत, पुन्हा पाणी, पुन्हा गोल. त्या हातांत काय ऐट होती! आम्ही सगळे वाकलो होतो. आणि मग पाणी निवळलं, काळी माती मध्ये बसली, आणि ताटाच्या कडेला एक रेघ उमटली. पिवळी. लग्नातल्यासारखी पिवळीधमक.

"आयला!" बबन म्हणाला.

आण्णांनी ताटाकडे बघितलं, मग खळग्याकडे, मग आभाळाकडे.  त्यांच्या शेतात एवढी वर्षं पाऊस पडत होता, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

तात्यांनी एका बोटानं ती रेघ उचलली. अंगठ्यावर चोळली. नाकाशी नेली. सकाळी याच नाकानं पोत्यापोत्याची सालं सांगितली होती. ते नाक किती वेळ तिथंच होतं. काकू त्यांच्याकडे बघत होत्या, शाळेत फळ्यासमोर उभी केलेली पोरगी मास्तरांकडे बघते तशा.

तात्यांनी ताट खाली ठेवलं.

"शंभर नंबरी," ते म्हणाले. "पेवातलीच हाय. लय जुनी."

मग ते काकूंजवळ गेले, त्यांना हात देऊन वर घेतलं, आणि खिशातला रुमाल काढून त्यांची बोटं पुसू लागले. एकेक बोट. नखांच्या कडा जरा जास्तच वेळ. मी जवळच उभी होते. त्या नखांत जो रंग होता तो जमिनीखाली पुराच्या गाळात पडून राहिलेल्या कशाचाच नव्हता. आणि काकूंच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीतून दुकानातली पुडी डोकावत होती. तिचा कोपरा फाटलेला होता.

पुरावा असा भरदिवसा, चार माणसांसमोर, रुमालानं पुसलेला मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी एरंडाचं झाड फार बारकाईनं बघू लागले. गोष्ट शंभर टक्के खरी होती. साक्षीदार तेवढा त्यांना बाजारातून आणावा लागला. तो त्यांनी सकाळपासून जवळ बाळगला होता. म्हणजे मी ज्यांना भ्यालेल्या समजत होते, त्यांना आपण कुठे चाललोय हे पहिल्यापासून माहीत होतं. दिवसभर मी चुकीच्या माणसाचा संशय घेतला होता.

निघताना तात्यांनी आण्णांना म्हटलं, "ताट घासून ठेवा." आण्णा म्हणाले, "न्हाई घासत. ऱ्हाऊ दे."

गाडी सांगलीकडे निघाली. बबनच्या पोटात काही राहत नाही. तो माझ्याकडे झुकून कुजबुजला, "ताई, एवढा पूर यिऊन गेला. मातीत हळद ऱ्हाईल व्हय?"

"रस्त्याकडे बघ."

मागं काकू बोलत होत्या. शेतावर येईपर्यंत एक शब्द न बोललेल्या त्या बाई आता थांबत नव्हत्या. टोपलीला कशी दोन बाजूंनी गाठ मारली होती, भिंतीला हात लावला की तळवा कसा पिवळा व्हायचा, आत किती ऊन ऊन वाटायचं, बैलगाडी वळेल एवढी जागा, नाही, दोन बैलगाड्या! आरशात बघणं बबनचं काम, पण त्या दिवशी आरसा मी माझ्याकडे वळवून घेतला. तात्या मान मागे टाकून, डोळे मिटून बसले होते. झोपलेत असं वाटलं. रस्त्यावरचा एक खड्डा चुकवताना गाडी हेलकावली आणि काकूंचं बोलणं तुटलं. त्या गप्प झाल्या.

तात्यांनी डोळे उघडले नाहीत. फक्त त्यांचा हात सीटवरून सरकत काकूंच्या हातापर्यंत गेला.

"हं," ते म्हणाले. "बोल."